गोड करून टाकू

तिच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर नुसता फितींचा होता. लाल, सोनेरी, आकाशी, रुंद, बारीक, काठाला मणी लावलेल्या. खालच्या खणात पुठ्ठ्याचे कोरे खोके, घडी करून ठेवलेले. घरात एवढे वाढदिवस नव्हते आणि पाहुण्यांचाही एवढा राबता नव्हता. फिती लागायच्या त्या निराळ्याच कामाला.

त्या बंगल्यांच्या वसाहतीत एक शब्द चांगला रुळला होता: गोड करणं. कोणाच्या पोरानं कोणाची काच फोडली, कामवाल्या बाईच्या चपला लपवल्या, शेजारच्या आजोबांच्या काठीला ग्रीस फासलं, की आयांचे फोन सुरू व्हायचे. शेवटी कोणीतरी म्हणायचं, "जाऊ दे गं, गोड करून टाकू." मग एका खोक्यात केक-बिस्किटं भरली जायची, वर फीत, फितीला फूल, आणि खोका ड्रायव्हरबरोबर रवाना. खोका पोचला की प्रकरण मिटलं. पोराला विचारायची गरज नाही. पोर एव्हाना पोहायच्या तलावावर गेलेलं असायचं.

आणि फीत बांधावी तर वहिनींनीच. सगळी वसाहत तिला वहिनी म्हणायची. तिच्या बोटांत अशी काही जादू होती की साध्या फितीचं कमळ व्हायचं. बायका कौतुकानं म्हणायच्या, "वहिनींचं फूल पाहिलं की माणूस राग विसरतो." तिलाही ते खरं वाटायचं.

त्या दिवशीही ती फूलच करत होती. तिच्या राजेंनी गाडी मागे घेताना माळीकाकांच्या रोपांच्या सगळ्या कुंड्या भुईसपाट केल्या होत्या. राजे म्हणजे तिचा एकुलता एक. लहानपणी आत्यानं लाडानं ठेवलेलं नाव मिशी फुटली तरी चिकटून राहिलं होतं, आणि नावाप्रमाणे वागायला तो शिकला होता.

नवरा चहाचा कप घेऊन आला. "आज कोणाचं तोंड गोड?"

"माळीकाकांचं."

"बांध बांध. आपल्या चिरंजीवांमुळे बेकरीवाल्यानं दुसरा मजला चढवलाय." तो स्वतः इमारती बांधायचा, त्यामुळे त्याचे विनोदही मजल्यांतच असायचे.

राजे खाली आले ते फणकारतच. "आई, त्या मामाला काहीतरी सांग हं. काल मित्रांसमोर गाडी अडवली माझी. म्हणे, 'हळू चालव बाळा, पोरं खेळतात.' बाळा! सगळे फिदीफिदी हसले."

"मोठे आहेत ते. काळजीनंच म्हणाले असतील."

"वॉचमन आहे तो, आई. फाटक उघडायचं काम आहे त्याचं. काळजी करायचं नाही."

मामा म्हणजे फाटकावरचे पहारेकरी. राजे शाळेत जायला लागला त्या वर्षी ते नोकरीला लागले होते. बस यायला उशीर झाला की त्याचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून उभे राहायचे. "असं बोलू नये," एवढं ती म्हणाली खरी, पण डोळे फितीवर होते. एक पाकळी वाकडी जात होती.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. वसाहत पडदे ओढून गारव्यात पडली होती. जेवणाची भांडी आवरून ती वरच्या खोलीत गेली. तिच्या खिडकीसमोरच फाटक, आणि फाटकाला खेटून मामांची चौकी. पत्र्याची, एका बाजूला काच, पंख्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर. पडदा ओढता ओढता तिला दिसलं, राजे आणि त्याचे दोन मित्र चौकीच्या मागून वाकून चाललेत. राजेंनी हळूच दाराची बाहेरची कडी सरकवली. एका मित्रानं पंख्याचं बटण बंद केलं. तिघं तोंडावर हात धरून पळाले. आतून मामांनी काचेवर टकटक केली.

तिला हसूच आलं. एवढी घोडी झाली, पण खोड्या अजून पहिलीतल्या! उघडतील पाच मिनिटांत. तिनं पडदा ओढला.

थोड्या वेळानं जिन्याखालचा इंटरकॉम वाजला. वाजत राहिला. पार्सल आलं असेल, मामा ठेवून घेतील, असं म्हणून ती कुशीवर वळली.

जाग आली ती माणसांच्या गलक्यानं. फाटकापाशी रुग्णवाहिका उभी होती. सामान पोचवायला आलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी चौकीचं दार ढकललं, तर मामा खुर्चीखाली आडवे, अंगावरचा गणवेश घामानं निथळलेला आणि तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. दाराला कडी लावलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं.

राजे आपल्या खोलीत होते. अंगाला अजून तलावाच्या पाण्याचा औषधी वास.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही."

"मी पाहिलं."

 तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दहा मिनिटांनी उघडणार होतो. पोहायला गेलो आणि... विसरलो, आई. आठवलं तेव्हा धावत आलो. कडी काढली तर ते पडलेले. आम्ही घाबरलो."

"कोणाला हाक मारलीत?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

विसरलो. किल्ली विसरावी, छत्री विसरावी, तसा एक जिता माणूस उन्हात कोंडून तिचं पोर विसरलं होतं. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला पदराखाली घ्यावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच न करता ती खाली आली.

खाली वसाहतीचे अध्यक्ष येऊन बसले होते. मोठे गोडबोले गृहस्थ. कोणाच्याही घरी गेले तरी स्वतःच्याच घरात बसल्यासारखे बसायचे.

"वहिनी, घाबरू नका. मुलं मला सगळं बोलली. मामांची वाचा गेलीये, उजवी बाजू पडलीये. वाईटच झालं. पण झालं ते झालं. आता पोरांचं बघायला हवं. राजेंचं परदेशातलं कॉलेज ठरलंय ना?"

"ठरलंय," नवरा म्हणाला. 

"मग उद्या दुपारी सभागृहात फौजदार येतील. पहारेकऱ्यांच्या कंपनीचा माणूसही येईल. आपण सांगायचं, मामा दुपारी दार लोटून झोपायचे. पंखाही तेच बंद करायचे. तुमची खिडकी समोर आहे, म्हणून तुमच्या शब्दाला वजन. तुम्ही फक्त म्हणायचं, झोपलेले दिसले."

"ते कधी झोपत नव्हते."

"अहो, म्हणायचं फक्त."

"आणि मग मामांचं काय?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "कामावर झोपला म्हटल्यावर कंपनी दवाखान्याचा खर्च उचलणार नाही, हे खरं. पण आपण आहोत ना! माणुसकी सोडलीय का आपण? तुम्ही सकाळी जाऊन या. छानसा खोका घेऊन जा. गोड करून टाकू."

रात्री नवरा एवढंच बोलला, "एकुलता आहे गं." पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही आणि तिलाही नको होतं. अंधारात तिला आईची आठवण आली. आई लोकांचे कपडे शिवायची. मशीन चालवता चालवता पायाच्या ठेक्यावर काहीबाही गुणगुणायची:

लेकराच्या माथी सावली धरू किती,
उन्हाची ओळख त्याला व्हावी कोण्या रीती.

तेव्हा ते नुसतं गाणं वाटायचं. आता पत्र्याच्या चौकीतलं ऊन डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी तिनं खोका भरला. सवयीनं फूलही झालं. दवाखान्यात मामांची खाट व्हरांड्यातल्या शेवटच्या खिडकीपाशी होती. मामी स्टुलावर बसून त्यांचा निर्जीव हात चोळत होत्या. मामांनी तिला ओळखलं. तोंडातून एक घोगरा आवाज निघाला, शब्द काही झाला नाही. डाव्या हातानं मात्र त्यांनी नेहमीसारखा सलाम केला. 

तिनं खोका पुढे केला. मामींनी तो घेतला नाही, रागावल्याही नाहीत. पुसट आवाजात म्हणाल्या, "ताई, खोके भरपूर आहेत घरी."

"मामी, मी..."

"चांगले दणकट असतात तुमचे खोके. एकात तांदूळ आहेत, एकात सुया-दोरे. लाल फितीचा यांची टोपी जाळली तेव्हाचा. सोनेरीवाला रात्री खोटी घंटा वाजवून यांना पावसात पळवलं, त्याचा. हे म्हणायचे, 'जाऊ दे, पोरं आहेत, आपल्याला मामा म्हणतात.' त्या फिती माझ्या नातीच्या वेणीला आहेत. छान दिसतात हो. खोटं कशाला बोलू?" त्यांनी मामांच्या तोंडाचा ओघळ पदरानं टिपला. "काल यांना काय झालं ते तेवढं सांगा. झोपले होते म्हणतात सगळे. हे झोपणारे नाहीत. ऊन लागलं तर बाहेर का नाही आले? दार तर उघडंच होतं म्हणतात. मी रात्रभर तोच विचार करतेय, ताई. दार उघडं असताना माणूस बाहेर का येत नाही?"

  ती खोका घेऊन तशीच निघाली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलांच्या हातात तो फितीसकट देऊन टाकला.

दुपारी सभागृह भरलं होतं. एसी लावलेला, पुढे पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. मुलांना आणलं नव्हतं. "उगाच घाबरतील," असं ठरलं होतं. कंपनीचा माणूस घड्याळ पाहत होता. फौजदार मध्यमवयीन, दमलेले, पण ऐकताना मान वर करून बघणारे.

एकेक जण बोलला. कोणी म्हणालं, मामांचं वय झालं होतं. कोणी म्हणालं, त्यांना दुपारी डुलकी लागायची. ज्यांनी वर्षानुवर्षं दुपारी खिडकीचा पडदा उघडला नव्हता, त्यांनीही मामांना झोपलेलं पाहिलं होतं.

"आणि समोरच्या घरच्या वहिनी," अध्यक्ष हसत म्हणाले. "सांगा वहिनी. दोन शब्द."

नवऱ्यानं टेबलाखाली तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला आणि उभी राहिली.

"मामा झोपले नव्हते. कडी बाहेरून लावली होती."

"वहिनी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" अध्यक्ष अर्धे उठले.

"मला बरं वाटतंय. मी खिडकीतून पाहिलं. पंखा बंद केलेला पाहिला, काचेवर मारलेली टकटक पाहिली. हसले आणि पडदा ओढला. नंतर इंटरकॉम वाजला. तो त्यांचाच असणार. मी उचलला नाही."

मागून एका बाईचा आवाज आला, "स्वतःच्या पोराच्या मुळावर उठलीये ही!"

"मुळावर आपण केव्हाच उठलो होतो," ती वळून म्हणाली. आवाज चिरकत होता, पण थांबला नाही. "टोपी जाळली तेव्हा फूल मी बांधलं. पावसात पळवलं तेव्हाही मीच बांधलं. मुलांना आपण एकदा तरी विचारलं का? काच फोडली काय, माणूस फोडला काय, किंमत एकच, एक खोका! मग दोन्हींतला फरक त्यांना कळावा कुठून?"

फौजदारांनी विचारलं, "कडी कोणी लावली, बाई?"

ती फौजदारांकडे वळली.

"माझ्या मुलानं."

नवऱ्यानं डोळे मिटले. कंपनीच्या माणसानं घड्याळ पाहणं सोडलं. दाराकडे जाताना कोणी तिच्या वाटेत आलं नाही आणि कोणी तिला वाटही करून दिली नाही. खुर्च्या चाचपत ती बाहेर पडली. मागून फौजदार, आणि बऱ्याच अंतरावरून नवरा, फोन कानाला लावून वकील शोधत.

राजे जेवणाच्या टेबलाशी बसून खात होते. समोर फोन उभा केलेला. आईची चाहूल लागली तसं त्यानं मान न उचलताच विचारलं, "झालं ना गोड?"

"नाही. ऊठ. हात धू. फौजदार बाहेर उभे आहेत."

घास तसाच राहिला. "तू... सांगितलंस?"

"मी पाहिलं ते मी सांगितलं. तू केलंस ते तू सांगायचं."

"बाबा कुठेत? आई, माझं कॉलेज... आई, तू नीट करशील असं वाटलं होतं मला. नेहमी करतेस ना!"

 केवढा विश्वास होता त्या चेहऱ्यावर! आणि तो विश्वास तिनंच एकेक गाठ मारून घडवला होता.

"मी येतेय बरोबर," ती म्हणाली. "जिथे नेतील तिथे येईन, रोज येईन. तिथून दवाखान्यातही जायचंय. मामी विचारतायत, दार उघडं असताना माणूस बाहेर का येत नाही. त्यांना उत्तर हवंय. ते फक्त तुझ्याकडे आहे."

तो रडायला लागला. राजेपण कुठल्या कुठे गेलं, उरलं ते सतरा वर्षांचं घाबरलेलं पोर. रडतच तो दारापाशी बसला आणि बूट ओढू लागला. हात इतके थरथरत होते की नाडी हातातून निसटत होती. एकदा निसटली. पुन्हा निसटली. त्यानं वर पाहिलं.

तिचे हात आपसूक पुढे झाले. गाठ मारायला ती खाली वाकलीही. मग तिनं स्वतःला सावरलं, हात मागे घेतले आणि सरळ उभी राहिली.

"सावकाश बांध," ती म्हणाली. "मी थांबलेय."