यादीतलं चौथं नाव

परदेशी कंपनीने शिलाईचा कारखाना विकत घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त हरखली ती आत्या. बावीस वर्षं ती तिथे कापड बेतत होती. तिची कात्री फिरली की चिंधीसुद्धा वाया जायची नाही. आणि आईबापावेगळ्या ज्या भाचीला तिने पोटाला चिमटा काढून शिकवलं, तीच आता नव्या साहेबाची दुभाषी झाली होती.

"आपले दिवस पालटले," आत्या शेजारणींना सांगत सुटली.

सोमवारी दुपारी सगळ्यांना बेतणीच्या टेबलापाशी उभं केलं. साहेब बोलायचा, भाची समजावून सांगायची. नवी यंत्रं येणार. ती चालवणाऱ्या शिकलेल्यांना पगार दुप्पट, राहायला घर. बाकीच्यांनी उद्यापासून येऊ नये. मग तिने यादी वाचायला घेतली. चौथं नाव आत्याचं.

हातातली कात्री खाली ठेवायचंही तिला सुचेना.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

भाचीने कागदावरची नजर न उचलता पुन्हा वाचलं. नाव तेच.

"तुला कधी कळलं हे?"

"शुक्रवारी."

रविवारी दोघी एका ताटात जेवल्या होत्या. भाचीच्या अंगात जो कोट होता, त्याची बटणं आत्यानेच तेव्हा घट्ट करून दिली होती.

घरी आल्यावर भाची रडली. "बोलले असते तर माझीही नोकरी गेली असती गं."

"मग बरं केलंस," आत्या म्हणाली. खरंच तसं वाटत होतं का, ते तिचं तिलाच कळेना. भाची कंपनीच्या घरात राहायला गेली. 'तूही चल' म्हणाली. आत्याचे पाय उचलले नाहीत.

दोन महिन्यांनी कारखान्याच्या ठेकेदाराला झाडूवाल्या हव्या होत्या. चूल पेटायला हवी म्हणून आत्या गेली. मागच्या दाराने आत शिरायचं, यंत्रांखालचा कापूस गोळा करायचा. हातात जुन्या पगाराचा तिसरा हिस्सा.

एकदा साहेबाबरोबर भाची तिथून गेली. आत्या वाकून झाडत होती. भाचीला ती दिसली नाही, की दिसली, देव जाणे.

"ती माझी भाची," आत्या शेजारी झाडणाऱ्या बाईला म्हणाली.

बाई खदखदून हसली. "आणि साहेब माझा जावई."

आत्या तशीच उभी राहिली, झाडू हातात धरून. पटवून द्यायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.