सत्तावीसचा क्रिस्टल

पाठीत पहिला दांडका बसला तेव्हा हिलाल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. लोक जीव घ्यायला दुकानात घुसलेत आणि हा बाबा घड्याळ काय बघतोय, असं कुणालाही वाटेल. पण ते बघणं भाग होतं.

पांडेसऱ्याच्या मिलमधल्या जेट मशीनचे टायमर हिलाल बनवायचा. त्या मशीनमध्ये कापड उकळत्या रंगात दाबाखाली शिजतं. ते शिजलं, निवलं, दाब उतरला, की टायमर हिरवा दिवा लावतो. दिवा लागला की कामगाराने झाकण उघडायचं, एवढं सोपं काम. आज दुपारी एक नंबरच्या मशीनवर दिवा लागला, सुकलालने झाकण उघडलं, आणि आतलं सगळं उकळतं पाणी त्याच्या अंगावर आलं. त्याला उचलून दवाखान्यात नेताना कातडी चादरीला चिकटून निघाली म्हणे.

ही बातमी हिलालच्या कानावर आली. एक नंबर आणि दोन नंबर, दोन्ही मशीनचे टायमर त्याने कालच नवे बसवले होते. तसाच तिसरा टेबलावर पडला होता. त्याने त्यावर तीन मिनिटं लावली, बझर जोडला, बटण दाबलं, आणि घड्याळाकडे मान वर केली. तेवढ्यात सुकलालचा भाऊ धुडकू पंधरा-वीस माणसं घेऊन आत घुसला.

"मन्हा भाऊ कोठे शे, माहीत शे का तुले?" धुडकू ओरडला आणि दांडका हाणला. "दवाखानामा शे! सोलेल बोकडासारखा पडेल शे!"

मग काय विचारता! कुणी कॉलर धरली, कुणी केस धरले. टेबल उलटायचं तेवढं बाकी राहिलं. खण ओढून फेकले गेले, टायमरला ठोके देणाऱ्या क्रिस्टलच्या चकचकीत डब्या फरशीवर सांडल्या आणि त्यांच्यावरच हिलाल तोंडावर आपटला. दात ओठात घुसला. बरगडीत लाथ बसली तेव्हा आतून कट्ट आवाज आला, तो त्याला स्वतःला ऐकू आला. मरणाची भीती वाटली त्याला. गोडादऱ्यातलं घर आठवलं, बायको आठवली, आणि आई गं, आई गं, एवढंच तोंडातून निघत राहिलं.

तेवढ्यात टेबलावरचा बझर वाजला.

हिलालने रक्ताळलेला डोळा उघडून घड्याळ पाहिलं. मिनिटकाटा एकच घर पुढे सरकला होता. तीन मिनिटं लावली होती, आणि एका मिनिटात वाजला!

आता या हिलालला काय म्हणावं! क्रिस्टल निवडण्यात तो एवढा चोखंदळ, की एकेक क्रिस्टल चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरायचा, पेनाने टकटक करायचा, त्याचे तारेचे पाय वाकवून बघायचा. मिलच्या उष्म्यात टिकेल तोच घ्यायचा, बाकीचे फेकायचा. वर्षानुवर्षं त्याने भंगारातल्या वॉकीटॉकीचे क्रिस्टल काढून वापरले. त्यांच्यावर सत्तावीसचा आकडा असायचा, म्हणजे सेकंदाला सत्तावीस दशलक्ष ठोके. घड्याळाशी ताडून, अंदाजाने, त्याने सगळं सर्किट त्यांच्यावर बसवलं होतं. ते भंगार संपलं. नवं पाकीट आणलं, आकडा तोच, सत्तावीस. वाफेवर धरले, टकटक केली, पास. वेळ मात्र मोजली नाही. सत्तावीस म्हणजे सत्तावीस, त्यात मोजायचं काय!

आणि आज फरशीवर पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात लख्ख झालं. जुने क्रिस्टल त्याच्या साध्या सर्किटमध्ये सत्तावीसवर चालतच नव्हते, ते आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याने, नऊवर चालत होते. हे नवे खरोखर सत्तावीसवर पळत होते. म्हणजे तिप्पट वेगाने, पाऊण तासाचा दिवा पाव तासात!

"दोन नंबर!" तो ओरडला. "दोन नंबर चालू आहे का?"

"गप रे!" कुणीतरी तोंडावर चप्पल मारली.

"माझं काही चुकलं नाही, आधी ऐका तरी..." हे ऐकून तर लोक जास्तच पेटले. हात वाचवायला धरला तर हातावर दांडके बसायला लागले. निर्दोष माणसाचं ऐकायला कोण आलं होतं तिथे? हिलालला ते कळलं. त्याने डोक्यावरचे हात काढले.

"मीच जाळला सुकलालला!" तो घसा फोडून ओरडला. "मन्ही चूक शे! माले मारी टाका! पन दोन नंबरमा भी तोच टायमर शे. तठे कोन शे आता?"

दांडके थांबले. मिलचा मुकादम रघुनाथ दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "शेठने माल भरून ठेवलेला. चालू आहे. योगराज आहे तिथे."

योगराज म्हणजे धुडकूचा एकुलता एक पोरगा.

धुडकू वळला आणि धावत सुटला, मागून सगळी माणसं. मिल गल्लीच्या पलीकडेच होती. क्षणात दुकान रिकामं झालं.

मागचं दार उघडं होतं. हिलालला सहज सरपटत निघून जाता आलं असतं. तो गेला नाही. भिंतीला टेकून बसला आणि कान मिलकडे लावला. धडाका ऐकू आला तर आपण उठायचंच नाही, असं त्याने ठरवलं. बझर वाजतच होता, तो बंद करायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. देवा, एकदाच, त्या पोराला वाचव, एवढंच तो मनात घोकत राहिला.

धडाका झाला नाही. बऱ्याच वेळाने धुडकू आला, मागे योगराज.

"हिरवा दिवा लागेल होता," धुडकू म्हणाला. "ह्याना हात झाकनवर होता." आणि तो मटकन खाली बसून रडायला लागला. मग उठला, माठातलं पाणी आणलं, हिलालच्या तोंडाला लावलं. आपल्या गमछ्याने त्याचं रक्त पुसलं. हिलाल दोन घोट प्याला.

धुडकूने गिलास खाली ठेवला आणि दांडका उचलला.

"बाबा!" योगराज ओरडला.

"ह्याना हिशोब झाया," धुडकू पोराकडे बोट करून म्हणाला. "सुकलालना बाकी शे."

हिलालने उजवा हात फरशीवर पुढे केला. त्याच हाताने तो क्रिस्टल निवडायचा. धुडकूने एकच मारला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनी ऐकला.

मग बापलेकांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात घातलं. सुकलाल होता त्याच दवाखान्यात निघाले. रस्ता खड्ड्यांचा, रिक्षा उडायची, आणि दर वेळी धुडकू तो मोडका हात दोन्ही हातांनी वरच्या वर झेलून धरायचा.

"हिलालभाऊ," दवाखान्याजवळ आल्यावर त्याने हळूच विचारलं, "मन्हा सुकलाल वाची ना रे?"