न प्यालेली दारू

बाळाबाईंनी पितळी ताटलीत बेलाची पानं मांडली, त्यावर मूठभर भंडारा टाकला आणि ताटली थोरल्या लेकापुढे सरकवली. हौसेराव भिंतीला टेकून बसला होता. पोट पाण्याने टम्म फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, डोळे पिवळे.

"उचल बाबा," त्या म्हणाल्या. "म्हन, आजपासनं दारू सोडली. खंडोबा बगून घेईल."

ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, पुतळाच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. सोडायला आधी धरावी तरी लागते ना! या माणसाने उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. मार्केट मुंबईहून तुर्भ्याला आलं तेव्हापासून त्याने इथे कांद्याच्या गोण्या वाहिल्या. हमालांच्या टोळीतले बाकीचे संध्याकाळी गुत्त्याकडे वळत, हा सरळ कोपरखैरण्याला घरी येई. त्याने बेलभंडारा उचलून दारू सोडायची? म्हणजे आजवर पीत होतो हे देवासमोर कबूलच करायचं. आणि बेलभंडारा उचलून बोललेलं साताऱ्याकडच्या माणसांत कोणी खोटं धरत नाही. मेल्यावरही गावात तेच नाव राहणार.

लिव्हर गेलं म्हणजे पीत असणार, हे वस्तीने कधीच ठरवून टाकलं होतं. टोळीचा मुकादम भेटायला आला, तोही जाताना पुतळाला बाजूला घेऊन म्हणाला, की आता तरी बाटली लपवून ठेवा. बाटली! तिने त्याच्या हातातला अर्धा चहा तसाच काढून घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी तर सगळं फोड करून सांगितलं होतं. ऋता नाव त्यांचं, वयाने लहानच, पण बोलणं साधं. त्यांनी दोघा भावांचं रक्त तपासलं. हौसेराव आणि धाकटा कोंडिबा, दोघांनाही एकच कावीळ, बी म्हणतात ती. बहुधा लहानपणीच लागून रक्तात मुरलेली. मग लिव्हर एकाचंच का नासलं? तर शरीराची घडण निराळी. आईबापांकडून कोणाच्या वाट्याला काय येतं, ते सख्ख्या भावांतही सारखं नसतं. हौसेरावाचं शरीर त्या रोगाशी वर्षानुवर्षं भांडत राहिलं आणि त्या भांडणात त्याचं स्वतःचंच लिव्हर जळालं. कोंडिबाचं शरीर गप्प राहिलं, पण अजून तरीच. रोज अशी दारू रिचवली तर त्याचीही हीच गत होईल, असं बाईंनी बजावलं. मला काय धाड भरलीय, म्हणत कोंडिबा मधूनच उठून गेला आणि संध्याकाळी नेहमीसारखा झिंगून आला.

आज तोच कोंडिबा आईशेजारी मांडी घालून भावाच्या दारूचा पंच होऊन बसला होता. तोंडाला वास येत होता मेल्याच्या.

पुतळा पदर खोचून पुढे आली. तिने सासूला तोंडावर विचारलं, की तुम्ही यांना पिताना कधी बघितलं? बाळाबाई खाली बघत म्हणाल्या, की आईला थोडंच सगळं दिसतं.

"आत्याबाई, यांना काविळीनं खाल्लंय, दारूनं न्हाई."

कोंडिबा हसला.

"वहिनी, कावीळ तर मलाबी हाय म्हनं. मी रोज पितो, तरी गोण्या उचलतोय. मग दादानं किती ढोसली असंल?"

बाळाबाईंनी मान डोलावली. एका पोटचे, एका ताटात जेवलेले. हिशेब त्यांना पटला होता. पुतळाने ताटली भिरकावून द्यायला हात घातला, तोच हौसेरावाने तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, तरी ती थांबली. तो भावाकडे बघत होता. बराच वेळ बघून त्याने ताटली स्वतःकडे ओढली.

"उचलतो," तो म्हणाला. "पन एकटा न्हाई. कोंड्या, तूबी हात लाव."

मी कशाला, असं काहीतरी कोंडिबा पुटपुटला.

"पिऊन असं हुतं, तुमीच म्हनताय न्हवं? मग माज्याकडं बग की."

त्याने सदरा वर केला. ताणलेली कातडी, तिच्यावर वर आलेल्या निळ्या शिरा. कोंडिबाचं हसू गेलं. धाकट्याला आजवर एका शब्दाने न बोललेल्या बाळाबाईंनी त्याचा हात धरला आणि ताटलीत दाबला.

पुतळाने ओरडायला तोंड उघडलं. हौसेरावाने तिच्याकडे एकदाच बघितलं. तिला कळलं, आणि कळल्यावर राग आणखीच भडकला. डॉक्टरीणबाईंचं खरं बोलणं कोंडिबाच्या कानात शिरलं नव्हतं, हे खोटं मात्र बरोबर लागू पडत होतं.

"म्या लई प्यालो," हौसेराव मोठ्यानं म्हणाला. "समद्यांच्या चोरून प्यालो. आजपासनं सोडली."

कोंडिबाची नजर त्या पोटावरून हलत नव्हती.

"सोडली," तो म्हणाला.

बाळाबाई डोळे पुसत उठल्या आणि दोन्ही लेकरांची दारू सुटली, हे शेजारणींना सांगायला बाहेर गेल्या. कोंडिबा त्यांच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पुतळाही दाराशी आली. शेजारची रखमा तिच्याकडे बघत होती. पुतळाच्या नवऱ्यासाठी आजवर साऱ्या वस्तीशी भांडलेली ही एकच बाई.

"खरंच पीत व्हते का गं?" रखमाने हळूच विचारलं.

कोंडिबाने वळून वहिनीकडे बघितलं. पुतळाने संताप गिळला.

"व्हय," ती म्हणाली. "लई प्यायचे."