सवतीच्या अंगावर चरा

माझ्या नवऱ्याची दुसरी बायको लोखंडाची आहे. वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठी, नाक लांबलचक, रंग गर्द हिरवा. तिच्या एका आरशासाठी या माणसाने जेवढी वणवण केली, तेवढी माझ्याशी लग्न जमवतानासुद्धा केली नव्हती. भंगारातून आणली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदीर नांदत होते. आता तिला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागतात. तो तिला राणी म्हणतो. मला "अगं" म्हणतो.

मी वायरलेस सेट दुरुस्त करते. वर्कशॉपची अर्धी जागा त्याची, अर्धी माझी, मध्ये प्लायवूडची भिंत. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि राणी सगळ्यांच्या पुढे राहणार होती. पुढच्या गाडीत वायरलेस लागतो, मागच्यांना थांबा-चला सांगायला. आणि वायरलेसजवळ माणूस लागतो. म्हणजे मी. एवढी वर्षं ही बया घरात आहे, पण नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर मी एकदाही बसलेले नाही. "गादी नवीन आहे," हे त्याचं ठरलेलं. गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही.

सेट मी बसवला. इंजिन बंद असताना आवाज खणखणीत. सुरू केलं की कढईत मूठभर खडे टाकून कोणी परतत बसावं तशी खरखर.

"तुझ्या सेटमध्ये खोट आहे," तो म्हणाला.

"तुझ्या राणीच्या पोटात आहे. इंजिन बंद केलं की थांबते ना? मग?"

"अगं, या इंजिनचा आवाज लोक डोळे मिटून ऐकतात."

"ऐकू देत. त्यांना कुणाशी बोलायचं नसतं."

राणीला रंग देणारा त्याचा दोस्त मडगार्डवर फुंकर मारत उभा होता. म्हणाला, "वहिनी, कशाला जीव काढताय? नाहीच जमलं तर सेट काढून टाकू. पुढचा मान जाऊ दे दुसऱ्या गाडीला. मी बसतो शेजारी. माझे कपडे स्वच्छ असतात, गादी मळणार नाही."

माझ्या कपड्यांवर ग्रीस होतं. तिघांनाही दिसत होतं.

नवरा हसला. नुसता हसला असता तर सोडून दिलं असतं. तो विचार करून हसला. "उद्यापर्यंत बघू," म्हणाला. "नाहीतर काढू."

मला एवढं पुरे होतं.

खरखरीच्या आत एक शिट्टीही होती, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी. ती डायनमोची. त्याच्यावर कंडेन्सर लावला, शिट्टी गेली. मग प्लगच्या वायरी बदलायला बॉनेटखाली घुसले. तिथे पत्र्याच्या धारेने माझं बोट कापलं. चांगलं भळाभळा रक्त आलं. नवरा कापड घेऊन धावत आला. मी बोट पुढे केलं. त्याने मडगार्ड पुसलं.

मीच बोटाला चिंधी बांधली आणि उरलेल्या वायरी बदलल्या. खडे जरा बारीक झाले, पण गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू ठेवून सेटच्या पाठीमागची एरियलची वायर उपटली. एकदम शांत! म्हणजे ही घाण बॅटरीच्या वायरीतून येत नव्हती, एरियलच्या वाटेने येत होती. एरियलच्या बुडाला गाडीचा पत्रा भिडलेला लागतो, लोखंडाला लोखंड. नाही भिडला तर इंजिनची सगळी चटचट एरियलची वायर पिऊन घेते. आणि एरियल बसवली कुणी होती? यानेच. "राणीला भोक पाडायचं तर माझ्या हाताने," म्हणून मला भिंतीपलीकडे पाठवलं होतं.

मी वायर परत जोडली आणि त्याच्या हातात वॉकी-टॉकी दिला. "गल्लीच्या टोकाला जा. बटण दाबून बोलत राहा, मधूनमधून सोडून माझं ऐक. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"आकडे म्हण."

तो गेला. मी आवाज मोठा केला. खरखरीतून एक, दोन, सात असं काहीतरी येत होतं. एरियलच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसलं आणि दाबलं. कच्च आवाज झाला. टोक रंग फाडून पत्र्याला टेकलं, आणि खरखर अशी गेली की नवरा माझ्या कानातच येऊन बसला.

"...पंधरा, सोळा. हिला काय डोंबल ऐकू येणारे. एरियलखाली ट्यूबचं रबर घातलंय सांगितलं तर ही लगेच राणीचा रंग घासायला बसेल. त्यापेक्षा रंगारी म्हणतो तेच बरं. सेटच काढावा. दोन दिवस फुगून बसेल, मग येईल ताळ्यावर. सतरा, अठरा..."

त्या क्षणी माझ्याइतका स्थिर हात कुठल्या सर्जनचा नसेल.

त्याने बटण सोडल्यावर मी माझं दाबलं. "अजून खरखरच आहे. बोलत राहा."

नट सोडवला, एरियल उचलली. खाली रबर होतं. सायकलच्या ट्यूबमधून गोल कापलेलं, कंपासने आखल्यासारखं. कडेला एक दातरा नाही. भोकाच्या काठालासुद्धा रबर लावलेलं, बाळाच्या गळ्याला लाळेरं बांधावं तसं. माझ्या मोबाइलची काच फुटली तेव्हा याने चिकटपट्टी लावून दिली होती. तीही तिरकी.

रबर उपटलं. पॉलिश पेपर घेतला आणि नाण्याएवढी जागा घासली. हिरवा गेला, त्याखालचा लाल गेला, लखलखीत लोखंड उघडं पडलं. नाण्याएवढीच लागते. मी जरा मोठ्या नाण्याएवढी घासली. मग एरियल बसवून नट आवळला.

सेट पाण्यासारखा स्वच्छ. इंजिन सुरू होतं आणि तरी त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"थांब," मी म्हणाले. "आकडे पुरे. आता माझ्याबद्दल बोल."

"तुझ्याबद्दल काय?"

"काहीही. सेट तपासायचाय."

त्याने बटण दाबलं. काहीच आलं नाही. पूर्वी अशा वेळी खरखर तरी होती, तिच्यावर ढकलता आलं असतं. आता तीही नव्हती. कुठेतरी सायकलची घंटी वाजली, त्याचा श्वास आला, गेला. एवढं स्वच्छ 'काहीच नाही' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग म्हणाला, "बोट कसंय?"

त्याला दिसणार असल्यासारखं मी बोट वर केलं. केलं, खोटं कशाला बोलू.

"बांधलंय," मी म्हणाले.

"बरं." मग नाक ओढलं. "गाडीवर कुठे डाग राहिला नाही ना?"

मी दार उघडलं. गादीवरचं प्लॅस्टिक टर्रकन फाडलं आणि ग्रीसच्या कपड्यांनिशी ऐसपैस बसले. गादी खरंच छान होती.

"डाग नाही," मी बटण दाबून म्हणाले. "चरा आहे. रंगाऱ्याला निरोप दे, सेट निघत नाही. मी पण निघत नाही."

काचेतून तो दिसला, धापा टाकत, चप्पल हातात घेऊन पळत येताना. धावत होता तिच्यासाठी, पण समोर बसले होते मी.