गड्याइतकी मजुरी

जूनचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि वावरातलं पाणी पायाला पोळत होतं. डेराबस्सीच्या अलीकडं, चंडीगडच्या हद्दीला लागून असलेल्या त्या गावात भाताची लावण ऐन भरात होती. वीस-बावीस बाया कमरेत वाकून मागं मागं सरकत रोपं खोवत होत्या, आणि त्यांत सगळ्यांत झपाझप हात चालत होता तो साताऱ्याकडच्या रत्नप्रभाचा.

तिचा नवरा रघुनाथ पलटणीतनं नाईक होऊन निवृत्त झालेला. शेवटची नेमणूक चंडीमंदिरच्या छावणीत होती. तिथल्याच ओळखीनं डेराबस्सीच्या एका कारखान्यात रखवालदारी मिळाली, म्हणून दोघं इकडंच राहिली. आठ वर्षं झाली, मतदारयादीत नावं आली. माणदेशात हंडाभर पाण्यासाठी कोसभर चाललेली बाई ती. इथं वावरात गुडघाभर पाणी बघून पहिल्याच साली लावणीला उतरली. एकच गोष्ट तिला खुपायची. तेवढंच काम करून गड्यांना मिळे त्याच्या निम्मं बायांच्या हातावर टेकवत.

१९९१ साल होतं ते, पंजाबातल्या दहशतीचं. माणूस सकाळी घरातनं गेला की परत येईस्तोवर घरच्यांच्या जिवात जीव नसायचा. त्यात निवडणूक लागलेली, आणि उभा राहील त्याला मारू, असं अतिरेक्यांनी जाहीर केलेलं. तरी जगीरसिंग मास्तर लाल बावट्याकडनं उभे राहिले. पासष्टीचे, शाळेतनं निवृत्त झालेले. पहाऱ्याला दिलेला पोलीस बांधावर बसला आणि मास्तर पायजमा वर खोचून थेट चिखलात उतरले. त्यांनी लावलेली ओळ नागमोडी गेली तशा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी विचारलं, मी निवडून गेलो तर तुमच्यासाठी काय मागू. बाया खाली बघून रोपं खोवत राहिल्या. रत्नप्रभानं कंबर सरळ केली.

"मास्तरजी, रोप को क्या मालूम, बाई के हाथ का हाय का गडी के हाथ का?"

मास्तरांनी हातातली जुडी तिच्याकडं दिली. "बीबी, ये बात मैं नहीं, तू बोलेगी," ते म्हणाले. "सबके सामने."

तेव्हापासनं तिच्या डोक्यात तेच. मंगळवारी सकाळी मजुरांच्या वस्तीत सभा घ्यायचं तिनं बायांकडनं ठरवून घेतलं आणि स्वतः मास्तरांच्या घरी जाऊन बोलावणं केलं. रघुनाथला ते आवडलं नाही.

"अगं, आपुन हितं पावणं," तो म्हणाला. "कशापायी पुढं हुतीस?"

"पावणी आसती तर चिखलात उतारली नसती. म्या हितलीच हाय आता."

मंगळवारी बाया जमल्या. मास्तर वेळेचे पक्के, पण उन्हं वर आली तरी त्यांचा पत्ता नाही. मग वस्तीकडं येणाऱ्या रस्त्यानं एक सायकलवाला ओरडतच आला. कालव्याच्या पुलावर मोटरसायकलवरच्या दोघांनी मास्तरांना आणि त्यांच्या पोलिसाला गोळ्या घातल्या होत्या. रत्नप्रभा आणि रघुनाथ बस धरून चंडीगडच्या इस्पितळात पोचली, तोवर सगळं संपलं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर मास्तरांची बायको सुरजीतकौर बसली होती. मांडीवर त्यांची पगडी. रत्नप्रभाला पुढं जायचा धीर झाला नाही.

उमेदवारच गेला म्हणून तिथलं मतदान रद्द झालं. पुढं साऱ्या पंजाबातलंच लांबणीवर पडलं. रत्नप्रभानं वावरात जायचं सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची, आणि बोललीच तर एवढंच, "म्याच बलावलं त्यास्नी." रघुनाथनं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. ड्यूटीवरनं येऊन तोच चूल पेटवायचा, भाकरी थापायचा आणि ताट तिच्यापाशी ठेवून बसायचा.

दिवसकार्य उरकल्यावर ती सुरजीतकौरकडं गेली आणि मनात होतं ते सांगून टाकलं. म्हातारीनं तिला खाटेवर बसवलं. मग तिनं पंजाबीत सांगितलं ते रत्नप्रभाला शब्द न् शब्द कळलं. त्या सकाळी तिनं मास्तरांना अडवलं होतं. ते म्हणाले, चाळीस वर्षं मी बायांना सभेला बोलवत हिंडलो. आज एक बाई मला बोलवून गेलीय, आणि मी घरी बसू?

त्यानं रत्नप्रभाचं दुःख हलकं झालं नाही. 

फेब्रुवारीत अखेर मतदान झालं. अतिरेक्यांची बहिष्काराची पत्रकं भिंतींवर लागलेली, धुकं दाट, गावची दारं बंद. रत्नप्रभा निघाली तसा रघुनाथनं पलटणीतला जुना कोट चढवला आणि तिच्याबरोबर चालू लागला. शाळेतले मतदान अधिकारी त्यांना बघून चहाचा पेला हातात तसाच धरून उभे राहिले. दिवसभरात गावात एकोणीस मतं पडली. लाल बावट्याच्या नव्या उमेदवाराची अनामत गेली, आणि ज्या मालकाच्या वावरात ती लावण करायची, त्याचाच मेव्हणा आमदार झाला.

पुढच्या लावणीला रत्नप्रभा परत वावरात आली. मालकानं बायांना बोलावून सांगितलं, यंदापासनं गड्याइतकी मजुरी. बाया हरखल्या. दुपारी कळलं, त्यानं गड्यांची कमी करून बायांएवढी केली होती. गडी रागानं रत्नप्रभावरच चालून आले. तुझ्याच तोंडापायी हे झालं म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाण्यातनं पाय काढले आणि बांधावर जाऊन बसली. तिच्यामागं बाया बसल्या. गडी आधी लांब बसले, दुसऱ्या दिवशी जवळ सरकले.

तिसऱ्या दिवशी लावणीवाचून तरव्याच्या वाफ्यात रोपं पिवळी पडायला लागली, तेव्हा मालक ट्रॅक्टरवरनं आला. खाली न उतरताच म्हणाला, गड्यांची मजुरी पहिल्यासारखी, आणि बायांचीही तेवढीच. मग तोंड फिरवून निघून गेला.

बाया हसत, एकमेकींना ढकलत पाण्यात उतरल्या. रत्नप्रभाही उतरली, रोपांची जुडी सोडून वाकली, आणि पहिली ओळ लावता लावता तिला रडू फुटलं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. तिला डोळे पुसता येईनात. ती तशीच मागं मागं सरकत राहिली.