सकाळी केलेली संध्याकाळची सही

सुगराबी तडवीला राग आला की ती भांडत नसे, भांडी घासत असे. बुधवारी पहाटे रोजाआधीच्या जेवणाची, सहरीची चार भांडी तिने इतकी घासली की नवरा लुकमान म्हणाला, अगं, कल्हई जाईल. भांडी स्टीलची होती. तरी ती घासत राहिली.

राग हितेंद्र साहेबांवर होता. निदान त्या पहाटेपर्यंत तिची तशी समजूत होती.

जळगावच्या एमआयडीसीत माणकचंद शेठचा चटयांचा कारखाना. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, त्यांच्या पट्ट्या काढायच्या, पट्ट्या रिळांवर गुंडाळायच्या आणि मग चटई विणायची. गुंडाळणी खात्यात तेवीस माणसं आणि त्यांच्यावर सुगराबी सुपरवायझर. यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं माहेर. शिक्षण चौथी. बावीस वर्षांपूर्वी पट्ट्या उचलायला आलेली ही बाई शेठनी वर बसवली, तेव्हा खात्यातल्या पुरुषांनी महिनाभर तोंडं वाकडी केली. मग आपापली सरळही केली, कारण बाई कुणाचा वशिला चालू देत नव्हती. सख्खा भाचा उशिरा आला तर त्यालाही तिने गेटावरून परत पाठवला होता.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला खात्यातल्या भाविकाचा उजवा हात रोलरमध्ये गेला. दोन बोटं गेली. तेवीस वर्षांची पोर, वैशाखात लग्न ठरलेलं. रोलरपुढे लोखंडी जाळी असते, ती असली की बोट आत जाऊच शकत नाही. जाळी नव्हती. मशीन वना चालवत होता. शिरपूरकडचा, कमी बोलणारा, नऊ वर्षांत एक खाडा नाही. मंगळवारी त्याच्या हातात हितेंद्र साहेबांची नोटीस पडली. जाळी काढून मशीन चालवलंस, तर तुला कामावरून का काढू नये. गुरुवारी चार वाजता चौकशी.

वना असं करणार नाही, हे सुगराबीला आपल्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. बुधवारी ती ते सांगायलाच हितेंद्र साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. हितेंद्र हा प्रॉडक्शन मॅनेजर. पुण्याहून शिकून आलेला. मागच्याच महिन्यात त्याने सगळ्या सुपरवायझरांना बसवून पडद्यावर सिंहाचं चित्र दाखवलं होतं आणि नेतृत्व म्हणजे काय ते दोन तास समजावलं होतं. सुगराबीला तेव्हा एकच प्रश्न पडला होता, की सिंह काम काय करतो. त्याच्यासाठी शिकार तर सिंहिणीच करतात.

हितेंद्रने तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मशीनला टांगलेलं तपासणीचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"सोमवार, संध्याकाळी सहा. जाळी जागेवर. खाली सही कुणाची?"

सही तिची होती.

"सहाला तुम्ही जाळी बघितली. साडेसहाला ती नव्हती. मधे मशीनवर कोण होतं? वना. तुम्ही स्वच्छ आहात, सुगराबाई. फक्त उद्या ही सही माझी आहे, एवढं म्हणायचं. जास्त काही बोलायचं नाही."

तिने रजिस्टर मिटलं.

सोमवारी सहा वाजता ती कारखान्यात नव्हतीच. रमजान चालू होता. खात्यात अकरा जण रोजेदार, आणि पाळी सुटते सातला. म्हणून रमजानचा महिनाभर हे अकरा जण आणि सुगराबी सहाला निघायचे आणि बाकीचे बारा त्यांचं काम ओढायचे. पुढे श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना त्या बारांना घरी जायचं असलं की हे अकरा ओढायचे. कागदावर कुठेच नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी दिलं नव्हतं, वर्षानुवर्षं आपसूक चाललं होतं. सगळ्या कारखान्यात सुगराबीला अभिमान वाटावा अशी तीच एक गोष्ट. फक्त सहाची तपासणी राहायची. मग ती सकाळीच, सकाळच्या सहीखाली, संध्याकाळचीही सही करून ठेवायची. पहिल्या वर्षी भीत भीत. नंतर हात आपोआप चालायला लागला.

दुपारी तिला रौफने गाठलं. अकरा जणांतला हा सगळ्यात जुना. सही सकाळचीच असणार, हे त्याला न सांगता कळलं होतं. तो म्हणाला, आपा, तोंड उघडू नका. आज तुमचं नाव निघेल, उद्या म्हणतील ही माणसं रोजाच्या नावाखाली काम सोडून पळतात. सहाची सुट्टी बंद होईल. एका वनासाठी आपल्या अकरा घरांवर निखारा ठेवू नका.

"आपल्या म्हणजे कुणाच्या?" तिने विचारलं. "मी सुपरवायझर तेवीस जणांची आहे."

रौफ मशीनकडे वळला. त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून तिला आणखीनच चीड आली.

रोजा सोडून ती वनाच्या खोलीवर गेली. सांगायला गेली होती एक, ऐकून आली भलतंच. वनाने सांगितलं, की सोमवारी दुपारी पट्टी जाळीत अडकत होती, म्हणून हितेंद्र साहेबांनीच उभं राहून जाळी काढायला लावली. दोन तास चालव, सहाच्या आत परत बसवतो, म्हणाले. आता नाही म्हणतात. चालवणारा उभा राहतो तिथून रोलरची ती बाजू दिसत नाही. मग सहाला तू काय केलंस, असं तिने विचारलं.

"अक्का, माले वाचता येत नही. पन तुमनी सही वळखू येस. ती देखी आनि मी भाविकाले म्हनं, जाय, पट्टी लाव."

ती सही सकाळचीच होती, हे सांगून तिने माफी मागितली.  वनाच्या बायकोने चहा ठेवला होता, तो कुणीच प्याला नाही.

परतताना सुगराबीला स्वतःचा असा संताप आला की रस्त्यात तिने चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी चालत राहिली. सिंहाचं चित्र दाखवणाऱ्याला ती हसली होती. तिच्याकडे तर सिंहही नव्हता. होतं ते तिच्या वडिलांनी दिलेलं. ते गावच्या मशिदीत झाडू मारायचे आणि झाडता झाडता पोरीला सांगायचे, साक्ष द्यायची वेळ आली की अल्ला बघतो, तू आपल्या माणसाविरुद्ध उभी राहतेस का, स्वतःविरुद्ध उभी राहतेस का. दुसऱ्याविरुद्ध तर कुणीही उभं राहतं. भाच्याला परत पाठवलं तेव्हा तिला वाटलं होतं, आपण त्या परीक्षेत पास झालो. भाचा म्हणजे सोपा पेपर होता.

गुरुवारी चारला शेठच्या ऑफिसात पंखा फिरत होता. माणकचंद शेठ टेबलामागे, हितेंद्र बाजूच्या खुर्चीत, वना दाराशी उभा. सुगराबीने कोपऱ्यातली खुर्ची ओढून हितेंद्रच्या शेजारी लावली आणि वनाला बस म्हणाली. वना बसेना. मग ती शेठना म्हणाली, दोघांचं ऐकायचं असेल तर दोघं एकसारखे बसले पाहिजेत, नाहीतर माझी साक्ष घेऊ नका. शेठनी हाताने बसायची खूण केली. वना खुर्चीच्या कडेवर टेकला.

मग तिने सगळं सांगितलं. सही सकाळी दहाची. सहाला मी इथे नव्हते. जाळी मी बघितली नाही. गेली पाच वर्षं रमजानात असंच केलं. वनाने माझ्या सहीवर विश्वास ठेवला आणि भाविकाची बोटं गेली. जाळी कुणी काढायला लावली, ते मात्र मी पाहिलेलं नाही. वना हितेंद्र साहेबांचं नाव घेतो. त्यांना विचारा. एवढं तिने लिहूनही दिलं, आणि वनाने आपल्या जबाबाखाली अंगठा दिला.

शेठ म्हातारे, धार्मिक, चातुर्मासात रात्री पाणीसुद्धा न पिणारे. ते डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा निकाल तयार होता. वनाची नोटीस मागे. सुगराबी उद्यापासून मशीनवर, सुपरवायझरकी गेली. आणि सहाची सुट्टी आजपासून बंद, कुणालाच नाही.

हितेंद्रने मोकळा श्वास घेतला. तो तिला ऐकू आला. तिच्या रागाला आता कुठे बरोबर पत्ता सापडला.

"माझी शिक्षा बरोबर आहे शेठ, कमीच आहे," ती म्हणाली. "पण सुट्टी का? चूक माझी, तिचं ओझं अकरा जणांच्या डोक्यावर का? सहाला जाणाऱ्याने सही करायची नाही, थांबणाऱ्याने करायची. इतकं सोपं होतं. मला सुचलं नाही, कारण सही म्हणजे मोठेपणा वाटायचा, तो हातचा सोडवत नव्हता."

शेठ म्हणाले, बघू.

"आणि हितेंद्र साहेबांचं?"

त्यांना मी समज देईन, शेठ म्हणाले. घरचाच माणूस आहे. हितेंद्र त्यांच्या साडूचा मुलगा, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मोठ्याने कुणी म्हणत नसे.

सुगराबी उठली नाही. ती म्हणाली, "मोठा चुकला की समज द्यायची आणि लहान चुकला की नोटीस द्यायची, असं करता करता गावंच्या गावं बुडाली, असं आमच्यात सांगतात. मी माझं लिहून दिलं. वनाने अंगठा दिला. यांनी काय दिलं? ते लिहीपर्यंत मी इथून हलत नाही."

हितेंद्र म्हणाला, ही धमकी आहे.  सव्वापाच झाले, सहा झाले. शेठनी दोनदा फोन उचलला आणि ठेवला. वनाला घरी जायला सांगितलं, तो गेला नाही. उलट कडेवरून मागे सरकून खुर्चीला पाठ टेकून बसला. खाली मशीनांचा आवाज चालूच होता, सुट्टी बंदचा निरोप गेला होता आणि सहाला गेट वाजलं नव्हतं. म्हणजे अकराही जण अजून कामावर होते, आणि वर काय चाललंय ते कळून तिच्यावर चडफडत होते, हेही तिला ठाऊक होतं.

साडेसहा होऊन गेले आणि अजान झाली. शेठनी स्वतःपुढचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. म्हणाले, बाई, उपास सोडा, तेवढं पाप माझ्या माथी नको. तिने बिस्मिल्ला म्हणून ग्लास उचलला आणि थांबत थांबत तीन घोट घेतले. घशातून पाणी उतरताना तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

तिने ग्लास टेबलावर ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि हितेंद्रकडे वळली.

"माझं झालं पिऊन. आता लिहा."

हितेंद्रने शेठकडे पाहिलं. शेठनी पाहिलं नाही. त्यांनी कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि खाली फोन लावून सांगितलं, की अकरा जणांना सोडा, आणि सहाची जी तपासणी राहिली आहे ती थांबणाऱ्यांपैकी कुणीतरी करा, जाळीला हात लावून.