धुक्यातला एकच दिवा

"बाई, फुग्याचा दिवा विझवा. जावई बर्फावर आहे माझा."

"तो खालून विझत नाही, मासान्तीकाका. आधी सांगायचं ना."

"आज जाणार नव्हता तो. लेक बेरेता आत्ता वायरलेसवर बोलली."

केर्स्टेन डेन्मार्कहून आली होती, धुक्याची मोजमापं घ्यायला. आम्ही धुक्यात घरी बसतो. ही माणसं धुकं पडलं की कामाला निघतात. ड्रोन थंडीने आधीच लुळा पडला होता. दोराला बांधलेला फुगा तेवढा वर होता, आणि तो दोर सांभाळणं हीच मासान्तीची नोकरी.

"मग उतरवू," ती म्हणाली. वाईट नव्हती पोरगी. पण दोराचा रहाट गोठला होता. दोघं हातांनीच ओढू लागली. मासान्ती रहाटाला शिव्या घालत होता.

आमच्या गावात धुक्यात कोणी बर्फावर असला, की फक्त त्याच्याच घरचा दिवा लावतात. बाकीचे पडदे ओढून घेतात. दिसेल तो दिवा आपला, एवढंच शिकाऱ्याने लक्षात ठेवायचं. मासान्तीच्या जावयाचं, योनातानचं, घर टेकडीवर होतं. फुगाही तेवढ्याच उंचीवर होता, पण भूशिरावर. तिथे खालून वाहणाऱ्या समुद्राच्या प्रवाहामुळे बर्फ कधी धड धरतच नाही.

फुगा हाताशी आला आणि धुक्यातून योनातानची कुत्री आली. ओली, बर्फगाडीशिवाय. पट्टे सुरीने कापलेले. बुडता बुडता त्याने कुत्री सोडवली होती.

दुसऱ्या दिवशी मासान्तीने माग पाहिला. कुत्री घराकडे वळली होती. योनातानने त्यांना पुन्हा भूशिराकडे वळवलं होतं. एरवी तो कुत्र्यांचंच ऐकायचा. पण समोर घरचा दिवा दिसत असताना कोण ऐकेल?

"मीच चढवला होता तो फुगा," मासान्ती लेकीला म्हणाला.

"बाबा, सूप गार होतंय."

योनातान काही सापडला नाही. बेरेताच्या खिडकीतला दिवा मात्र रोज जळत राहिला. विझव म्हणायची कोणाची छाती झाली नाही. बापाचीही नाही.

मग पुन्हा धुकं उतरलं. शेजारच्या रिबेकाचा नवरा बाहेर होता. रिबेका येऊन बेरेताच्या खिडकीबाहेर नुसती उभी राहिली. मासान्ती आतच बसला होता. त्याने मान खाली घातली.

बेरेताने तिला काचेतून पाहिलं. ती उठली, दिवा विझवला आणि पडदा ओढून घेतला.

"बाबा, तिच्याबरोबर जाऊन बसा," अंधारातून ती म्हणाली. "एकटीने वाट बघवत नाही."